पाणी तिरकं दिसलं तेव्हा

आमच्या फोटोग्राफीच्या सरांना आम्ही पाठीमागे 'तृतीयांश' म्हणायचो. मुख्य गोष्ट चौकटीच्या एक तृतीयांशावर ठेवा, उभ्या रेघा सरळ ठेवा, कडेला कचरा येऊ देऊ नका, हे त्यांनी इतकं घोकून घेतलं की आता माझा हात आपोआप तसाच चालतो.

तळ्याचा फोटो मी दर वर्षी एकाच खडकावरून घेते. एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला खाली माझ्या थोरल्या बहिणीचं घर आणि मधे रस्ता उचलून धरणारी उंच दगडी भिंत. घराचे निळे पत्रे आणि दोरीवरचे कपडे चौकटीची शोभा घालवतात, म्हणून ती बाजू मी बेलाशक कापते. ताई यावरून मला टोमणे मारायची, मीही ऐकून सोडून द्यायचे.

त्या दुपारी कॅलेंडरवाल्यांना फोटो पाठवायचा होता. मी नेहमीसारखी लॅपटॉपवर भिंतीची कड धरून नव्या फोटोची चौकट सरळ केली, आणि पाणी तिरकं झालं. पलीकडचा काठ एका बाजूला उतरत गेला होता. मी लेन्सला शिव्या घातल्या. मग पाणी सरळ केलं, तर भिंत कलली. गेल्या वर्षीचा फोटो शेजारी उघडला. त्यात दोन्ही सरळ होती.

पाणी काही कलत नाही. म्हणजे कलली होती ती भिंत.

ताईला फोन लावला, तिने उचलला नाही. पुन्हा लावला. शेवटी भावोजींनी घेतला. ते सुतार आहेत, त्यांना मी भिंतीत काही फरक वाटतो का म्हणून विचारलं. भिंत ठणठणीत आहे म्हणाले. भिंतीकडचं मागचं दार तेवढं हल्ली चौकटीत अडकत होतं, ते त्यांनी रंधा मारून बसवून दिलं होतं. पुन्हा अडकलं, पुन्हा रंधा मारला. हे ते हसत सांगत होते, आणि मला कळत होतं की दार फुगलं नव्हतं, भिंतच त्याला रेटत होती.

मी लॅपटॉप उचलला आणि निघाले. सगळ्या वाटेत एकच धास्ती, मी पोचायच्या आत काही झालं तर. रस्त्याच्या खात्यात फोन केला, तर तिथल्या बाईंनी अर्ज द्यायला सांगितलं.

ताईकडे सगळे घरातच होते. तिच्या सासूबाई भिंतीकडच्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. मी धापा टाकत दोन्ही फोटो समोर ठेवले. भावोजींनी मान तिरकी करून पाहिलं, मग सरळ करून पाहिलं.

"मेहुणीबाई, फोटो तुम्हीच फिरवता, आणि भिंत कलली असंही तुम्हीच म्हणता. आम्ही घर कशाला सोडायचं?"

मला राग आला, कारण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. या फोटोत भिंत होती, पाणी होतं आणि वर सुंदर आभाळ होतं. भिंत कुणावर कलली आहे हे त्यात नव्हतंच. ते मी कापलं होतं. ताई चहा ठेवायला निघाली आणि मला वाटलं, आता संपलं, आता हे लोक इथेच झोपणार.

मग मी न कापलेला मूळ फोटो उघडला. कुणाला दाखवायची लाज वाटावी असा तो होता: भिंत बरोबर मधोमध, कडेला अर्धवट तुटलेलं झाड, कोपऱ्यात निळे पत्रे, दोरीवर ताईचं पिवळं पांघरूण. फक्त पाणी सरळ केलं, बाकी कशालाही हात लावला नाही.

"ताई, हा बघ," म्हटलं.

ती वाकून बघत राहिली. इतकी वर्षं ती या भिंतीखाली राहत होती, पण समोरून तिने भिंत आणि घर एकत्र कधी पाहिलंच नव्हतं. भिंतीचा माथा तिच्या पत्र्यांवर आला होता. तिने स्क्रीनवर बोट ठेवलं.

"भिंत एवढी जवळ आहे आपल्याला?"

भावोजी भिंतीकडच्या खोलीत गेले आणि आईला हलक्या हाताने उठवू लागले.