गाणी माझ्याकडे दिलीच नव्हती

होय, मी पेन ड्राइव्ह बोलतोय, आणि रागानं बोलतोय. भांडगावच्या जयसिंगच्या घरात कालपासून जो तो मला ‘खराब निघाला’ म्हणतोय. सात वर्षं झाली, माझ्याकडे ठेवलेलं एक अक्षर मी हरवलेलं नाही. तेव्हा माझंही ऐकून घ्या.

केडगावच्या दुकानातून जयसिंगनं मला आणलं. सातबाऱ्याचे उतारे, शेवंतीच्या प्लॉटचे फोटो, त्याच्या लेकीचे, करिश्माचे दाखले, सगळं मी सांभाळलं. झेरॉक्सच्या दुकानांत नाही नाही ते व्हायरस अंगावर घेतले. एकदा तर शर्टाच्या खिशातून धुण्यात गेलो, तरी दुसऱ्या दिवशी कामाला हजर!

जयसिंगची आई साखरबाई. पंचक्रोशीत हळद असली की गाण्यांसाठी तिला बोलावणं यायचं. चार वर्षांपूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. आवाज जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. तेव्हा तिच्या सुनेनं, अनितानं, तीन दुपारी समोर बसून तिची एकेचाळीस गाणी मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि घरच्या कॉम्प्युटरवर ठेवली. पुढं साखरबाईचा आवाज गेला, मोबाइलही बदलला. करिश्माच्या हळदीला हीच गाणी लावायची, हे घरात केव्हाच ठरलं होतं.

गेल्या महिन्यात कॉम्प्युटरवर नवी विंडोज टाकायचं निघालं. दुकानवाला सुमित फोनवर म्हणाला, “मामा, जुनं समदं पुसावं लागंल. तुमचं काय आसंल ते आधी काढून ठिवा.”

जयसिंगनं मला लावलं, स्क्रीनवरचं ‘आईची गाणी’ नावाचं चित्र उचललं आणि माझ्यात टाकलं. क्षणात काम झालं. अहो, एकेचाळीस गाणी क्षणात येतात होय? त्या चित्राच्या कोपऱ्यात एक वाकडा बाण होता. असा बाण म्हणजे शॉर्टकट, गाणी कुठं ठेवलीत त्याचा नुसता पत्ता. गाणी कॉम्प्युटरमध्येच राहिली.

अनिता म्हणाली, “एकदा वाजवून बघा की.”

त्यानं वाजवलं, पण कुठं? त्याच कॉम्प्युटरवर! साखरबाईचा आवाज खणखणीत आला.

“व्हय, आलं समदं,” जयसिंग म्हणाला.

कसलं आलं? पत्ता अजून खरा होता, म्हणून कॉम्प्युटरमधली गाणी वाजली. मला उपटून टीव्हीला लावलं असतं, तरी दोन मिनिटांत सगळं कळलं असतं. तेवढे कष्ट कुणी घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी सुमितनं विचारलं, “काढलं ना समदं?” जयसिंगनं मान डोलावली, आणि सगळं पुसलं गेलं.

काल हळद होती. मांडवात मला स्पीकरला खोचलं. आवाजच नाही. सुमितला फोन लावला, तर तो म्हणाला, “मामा, पुसून वर नवं भरलंय. आता न्हाई निघायचं.”

“ह्यो पेन ड्राइव्हच खराब हाय!” म्हणत जयसिंगनं मला टेबलावर आपटलं. चूक त्याची, आणि बोल मला!

मग बायांनीच गाणं धरलं. पहिलं कडवं सगळ्यांना येत होतं, दुसऱ्याला अडल्या. सगळ्यांनी साखरबाईकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते, हात टाळी देत होते. तिला लिहिता येत नाही. बाया पुन्हा पहिल्या कडव्यावर आल्या, आणि त्या एका कडव्यावर करिश्माला हळद लागली.

मला खुशाल उकिरड्यावर टाका. पण मला शिव्या घालण्यात दिवस कशाला घालवता? जयसिंग, तुझी आई अजून ओसरीवर बसलीय, तिला सगळं पाठ आहे. जा, तिच्यासमोर बस आणि आठवेल तसं दुसरं कडवं म्हणून बघ. शब्द चुकला, तर ती मान हलवेल.