कौलावरचं पान

आमच्या घराची कौलं हिरवी होती. नवापूरला खाऱ्या हवेत सगळ्यांचीच थोडीफार होतात. पण आमच्या छपरावर शेजारच्या भेंडीच्या झाडाची सावली पडते, आणि उत्तरेची बाजू दिवाळीपर्यंत वाळत नाही. तिथं शेवाळ इतकं दाट धरायचं की लांबून वाटावं, कुणी हिरवं जाळं वाळत टाकलंय.

माझ्या बायकोला, हंसाला, त्याची लाज वाटायची. पाहुणा येणार म्हटलं की ती अंगण झाडायची आणि मग वर बघून गप्प बसायची. एकदा वरच्या बाजूचं एक कौल फुटलं, तेव्हा मी मोडीत निघालेल्या होडीच्या बुडाचा तांब्याचा पत्रा तिथं ठोकला. दोन पावसाळ्यांनी हंसानंच मला दाखवलं.

"अवो, त्या पत्र्याच्या खाली बघा. वळचणीपर्यंत पट्टा लालच हाय. शेवाळ धरत नाय तिथं."

खरंच तसं होतं. पावसाचं पाणी तांब्यावरून वाहत येई तेवढ्या पट्ट्यात शेवाळाचा ठिपका नव्हता. ती म्हणाली, सगळ्या मोभावर, छपराच्या वरच्या कण्यावर, अशी पट्टी मारली तर कुणाला कधी वर चढायला नको. मी म्हटलं, तांबं जमवतो. जमवायला लागलोही होतो.

त्याच वर्षी श्रावणात ती गेली. छातीत कफ झाला, ताप चढला. बोईसरच्या डॉक्टरकडे बैलगाडीतून नेत होतो. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. गाव मागं पडायच्या आत ती गेली, पण मला ते बोईसरला डॉक्टरनं सांगितल्यावर कळलं.

मागे राहिलो मी आणि आमची पुष्पलता. तिला आम्ही पुष्पी म्हणायचो. नऊ वर्षांची होती.

माझी सासू काशीबाई घिवलीची. दहाव्याला ती सगळ्यांसमोर म्हणाली, "हिरव्या कौलाखाली माझी पोर कुजली. ओल खाऊन मेली ती." मग लगेच, त्याच आवाजात, "पुष्पीला माझ्याकडं दे. तू होडीवर जाणार. ती कुणाच्या तोंडाकडं बघंल?"

मी नाही म्हटलं. सासूला नातीची माया नव्हती असं मी म्हणणार नाही. पण मेव्हणा कमलाकांत तेव्हा तारापूरच्या अणुशक्तीच्या बांधकामावर मुकादम झाला होता, त्याच्या बायकोला दोन तान्ही पोरं होती, आणि सुकी मासळी घेऊन मनोरच्या बाजाराला सासूला स्वतः जावं लागायचं. त्या घरात हात कमी पडत होते. पुष्पी पाणी भरायची, भांडी घासायची, बोंबील वाळत घालायची. ते त्यांनी पाहिलं होतं.

वर्षभर मी लांबच्या मासेमारीला गेलो नाही. किनाऱ्याजवळ जाळं टाकून संध्याकाळी घरी यायचो. वेणी घालायला शिकलो. आधी सुटायची, मग सुटेनाशी झाली. सासू अधूनमधून यायची. अंगणात आली की आधी वर बघायची.

"अजून हिरवंच," म्हणायची, आणि मग पोरीचा दंड चाचपून बघायची, वाळली का म्हणून.

वर्ष पुरं झालं. भादवा आला. हंसा माझ्याआधी गेलेली, म्हणून तिचं पान अविधवा नवमीला ठेवायचं. सासूचा निरोप आला, आम्ही सगळी येतो. मी ठरवलं, ती येईल तेव्हा कौलं लाल दिसली पाहिजेत. तिच्या तोंडी तेवढी एकच गोष्ट होती. ती काढून घेतली की पोर माझ्याकडे राहील, असं मला वाटलं.

केळव्याला दामू म्हणून पानवेलीचा बागायतदार आहे, माझ्याकडून मासळी घेतो. वेलीवर रोग पडू नये म्हणून ते निळा मोरचूद आणि चुना मारतात. त्यानं सांगितलं, शेवाळही त्यानंच मरतं. मोरचूद मातीच्या मडक्यात विरघळवायचा, लोखंडात नाही. चुना वेगळा विझवून फडक्यातून गाळायचा. दोन्ही एकत्र केल्यावर त्यात घासलेली सुरी बुडवून बघायची. पात्यावर तांबूस डाग धरला तर चुना कमी आहे, आणखी घालायचा. आणि आधी शेवाळ खरवडून घ्यायचं, पण खुरप्यानं नाही. खुरप्यानं कौलाची साल निघते आणि मग दुप्पट शेवाळ धरतं.

पावसानं उघडीप दिली तसा मी चढलो. शिडी छपरावर आडवी टाकली, पायाला गोणपाट बांधलं. मोभाकडून खाली येत बांबूच्या कामटीनं खरवडलं, नारळाच्या सोडणानं, वरच्या काथ्याच्या सालीनं, घासलं. मी अंगानं जड. पायाखाली दोन-तीन कौलं फुटलीच.

पुष्पी खालून म्हणाली, "बाबा, मी चढू? मी हलकी हाय. माझ्यानं फुटायची नायत."

"शेवाळावर पोरं चढवत नायत," मी म्हटलं. "तू वळचणीखालची भांडी काढ. आता या छपराचं पाणी प्यायचं नाय."

ती भांडी आत घेऊन गेली. मी मोरचुदाचे दोन हात मारले. हिरवं आधी तपकिरी झालं, मग काळं, मग हातानं झाडलं की पडू लागलं. खालून लाल कौल निघालं. मी जमवलेली तांब्याची पट्टीही मोभावर ठोकली, पुढच्या पावसाळ्यांसाठी. खाली उतरून पाहिलं. हंसा असती तर तिनं शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाका मारून दाखवलं असतं.

नवमीच्या आदल्या दिवशी मडक्याच्या तळाशी राहिलेलं पाणी एक कावळा प्याला. थोड्या वेळानं तो छपरावरून गडगडत अंगणात पडला. सगळ्या गावचे कावळे भेंडीवर जमले आणि ओरडत राहिले. मी मेलेला कावळा अंगणाच्या कुडामागं वाळूत पुरला. मला त्याचं वाईट वाटलं, पण पुढचं काही सुचलं नाही.

नवमीला सासू आली, कमलाकांत आला, दोन्ही पोरांना घेऊन त्याची बायको हिरा आली. सासूनं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बायको जित्ती होती तवा हात मोडले व्हते काय?" ती म्हणाली, आणि आत गेली.

स्वयंपाक झाला. भात, वडे, खीर, आणि सुक्या बोंबलाचा तुकडा, कारण त्यावाचून हंसाला घास उतरत नसे. शेजारच्या चिंधूची बायको मंगळी सवाष्ण म्हणून जेवायला बसवली होती. मी पान घेऊन शिडीवर चढलो आणि ते कौलांवर ठेवलं. आमच्याकडे पान घराच्या छपरावरच ठेवतात. कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवत नाही.

कावळे भेंडीवर होते. खाली बघत होते. एकही आला नाही.

ऊन चढलं. वडे गार झाले. कमलाकांतची पोरं रडायला लागली. त्याच्या हातात नवं घड्याळ होतं, ते तो पुन्हा पुन्हा बघायचा.

"भावोजी, कावळ्यांना तार करायची काय?" तो म्हणाला. "आमच्या साइटवरनं जाते तार. साहेब ओळखीचा हाय."

दोघं-तिघं हसले. गावातली माणसं कुडाशी जमली होती. मंगळी पदरानं तोंड पुसत म्हणाली, "सकाळपासनं पाण्याचा घोट नाय माझ्या पोटात."

"तिचा जीव अडकलाय," सासू म्हणाली. "कशात अडकलाय ते सगळ्यांना ठावं हाय."

मला तेव्हा कारण दिसलं. मी सरळ सांगितलं. "आई, कौलांना मोरचूद मारलाय. काल एक कावळा तो पिऊन हितंच मेला. म्हणून ते येत नायत. पान खाली वाळूवर ठेवू."

दोघा-तिघांनी वर छपराकडे पाहिलं. मला वाटलं, पटलं.

मंगळी म्हणाली, "पितरपाटात कावळा मारला?"

"मुद्दाम नाय मारला."

"कोण व्हता तो, तुला काय म्हाईत," कुडापलीकडून कुणी तरी म्हणालं. "वरीस झालं, बाई पान बघायला आली असंल आदल्या दिवशी."

पुष्पी दाराच्या खांबाला धरून उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. कावळा पुरताना ती माझ्याबरोबर होती. तिनंच त्याच्यावर शिंपले ठेवले होते.

"पान हलवायचं नाय," सासू म्हणाली. "तिचं घर हे, तिचं छप्पर हे. तू बोल. मोठ्यानं बोल. पोरीला आजोळी धाडतो म्हण. बघू शिवतो का नाय."

"बोला भावोजी," कमलाकांत म्हणाला. "पोरं भुकेली हायत."

"बोल रे महादू," कुडाशी उभे असलेलेही म्हणाले. "बाईला अडकवून नको ठेवू."

मी वर बघितलं. पान वाऱ्यानं हलत होतं. मला माहीत होतं की मोरचूद आहे. पण एवढी माणसं एकच म्हणत होती, आणि हंसा वर्षभर कुठं तरी ताटकळत असेल, हे एकदा मनात आलं ते जाईना. शेवटच्या वेळी मला ती गेल्याचंही कळलं नव्हतं. आता तरी मला काय कळत होतं?

मी छपराकडे तोंड करून म्हटलं, "हंसा, पोरीला तुझ्या आईकडं धाडतो."

पुष्पी आत निघून गेली.

कावळे आले नाहीत. मी बोललो तरी आले नाहीत. थोडा वेळ सगळे थांबले. मग सासू कमलाकांतला म्हणाली, "उतरव ते पान. तिथं वाळूवर ठेव." त्यानं ठेवलं. तो मागं सरायच्या आत भेंडीवरून कावळा आला आणि बोंबलाचा तुकडा घेऊन गेला. मागोमाग दहा उतरले.

"ऐकलं माझ्या पोरीनं," सासू म्हणाली आणि तिनं हात जोडले. सगळ्यांनी जोडले. मग सगळे जेवायला बसले. मंगळीनं दोनदा खीर मागून घेतली.

संध्याकाळी सगळी निघाली. पुष्पीच्या हातात कपड्यांचं गाठोडं होतं. ती रडली नाही, मला काही विचारलंही नाही. तिची वेणी सकाळी मीच घातली होती. कमलाकांतचं धाकटं पोर हिरानं तिच्या कडेवर दिलं, ते अंगणातच.

सासू मागं राहिली. चूळ भरून हळू आवाजात मला म्हणाली, "मोरचुदाचं मला कळत नाय असं वाटतं तुला? मनोरच्या बाजारात बागायतवाल्यांच्या शेजारी बसते मी. कावळाच काय, म्हस पण मरते त्यानं."

"मग मला बोलायला का लावलंत?"

"माझी पोर तू बैलगाडीतनं मेलेली नेलीस," ती म्हणाली. "आता तू पण ऱ्हा एकटा." तिनं तोंड पुसलं. "शब्द दिलायस. चार माणसांत दिलायस."

त्या पावसाळ्यानंतर दुसरा पावसाळा आला. आमच्या कौलांवर शेवाळ धरलं नाही. मोभावरच्या पट्टीखाली सगळं छप्पर लाल राहिलं. येणारे-जाणारे विचारायचे, महादू, काय केलंस? मी सांगायचो.

घिवलीला मी जायचो. पुष्पी दर वेळी कामात असायची. बोलायची कमी. एकदा तिचे हात पाहिले, बोटांच्या बेचक्यात कातडी फाटली होती आणि नखांच्या कडा निळसर होत्या. विचारलं तर म्हणाली, "मडकं धुतलं." मला ते लगेच उमगलं नाही.

वाटेत उमगलं, मडकं मोरचुदाचं होतं. सासूचं घरही झाडांत आहे, तिच्या कौलांवरही शेवाळ आहे. मी घरी आलो, आणखी एक मोडकी होडी शोधली, तिच्या बुडाचं तांबं उचकटून काढलं आणि पट्ट्या कापल्या. त्यांच्या मोभाला पुरतील एवढ्या. त्या एकदा मारल्या की कुणाला वर चढायला लागणार नव्हतं.

पट्ट्यांची गुंडाळी खांद्यावर घेऊन घिवलीला पोचलो तेव्हा सासू अंगणात बोंबील निवडत होती.

"आई, मोभाला तांबं मारून देतो," मी म्हटलं. "आजच मारतो."

"तू चढलास तर कौलं फोडशील," ती म्हणाली. "आणि तांबं कशाला? पोर हाय ना घरात. तिच्यानं एक कौल फुटत नाय."

मी वर पाहिलं. पुष्पी छपराच्या उत्तरेच्या बाजूला होती. पाय उघडे. शिडी नव्हती, गोणपाट नव्हतं. एका हातात सोडण, दुसऱ्या हातात मडकं. खाली हिरवं, तिच्या मागं लाल. माझ्याकडे तिची पाठ होती.

हाक ओठांशी आली होती. हाक मारली तर ती वळेल. वळली तर पाय सुटेल.

मी खांद्यावरचं तांबं आवाज न करता खाली ठेवलं आणि वळचणीखाली, ती जिथं होती तिच्या बरोबर खाली, हात पुढं करून उभा राहिलो.

"तिथं कशाला उभा ऱ्हायलास?" सासू म्हणाली. "तिला अजून अर्धं छप्पर घासायचंय. शिंतोडे उडतील डोळ्यांत."

उडत होते. ती जिकडे सरकत होती, तिकडे मी खालून सरकत होतो.