ओढ्याकाठचा भराव

हवामान खात्याचा इशारा यशोधराने आदल्या दिवशीच वडिलांना, रतन आबांना वाचून दाखवला होता. घाटमाथ्यावर विजांसह वादळी पाऊस, ओढ्या-नाल्यांना पूर येण्याची शक्यता.

"आबा, आजच कामशेतला मावशीकडं जाऊन राहू. पूल बंद झाला तर दवाखाना चुकंल."

रतन आबांनी अंगणातून आभाळाकडे पाहिलं. ऊन नुसतं भाजत होतं. "मागच्या आठवड्यात बी असाच इशारा आलता. थेंब तरी पडला का? अन् मे महिन्यात कुटं पूर येतोय?"

आबांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. ठरलेल्या दिवशी तळेगावला डायलिसिससाठी नेलं नाही, तर अंगात पाणी भरायचं. यशोधरा लोणावळ्यात एका हॉटेलच्या रिसेप्शनवर होती. पाळ्या बदलून घेत तीच त्यांना नेई. त्या दिवशी तिलाही थकवा आला होता. तिने फार ताणलं नाही, आणि ते गावात, वडिवळ्यातच राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी घाटाकडून काळंनिळं आभाळ चढून आलं. आधी वारा सुटला, मग गारा, आणि मग पाऊस असा कोसळला की समोरचं घर दिसेना. उजाडलं तरी तो थांबला नव्हता. गावातून रस्त्याला लागायचं तर ओढ्यावरचा बुटका फरशी पूल ओलांडावा लागे. त्या पुलाचा आता मागमूसही नव्हता. गढूळ पाणी फेसाळत त्याच्यावरून चाललं होतं.

डायलिसिसची कालची पाळी चुकली होती. आबांना आडवं पडवेना. ते बसून होते आणि प्रत्येक श्वासाला छातीत घरघर वाजत होती. शेजारच्या महिपतीभाऊंनी ट्रॅक्टर काढला. ट्रॉलीत गादी टाकून, वर ताडपत्री धरून त्यांना ओढ्यापर्यंत आणलं. मोबाईलला क्षणभर रेंज आली तेव्हा यशोधराने रुग्णवाहिका बोलावली होती. ती गाडी पलीकडच्या काठावर उभी होती. चालक दोन्ही हात हलवून 'नाही, नाही' अशा खुणा करत होता.

महिपतीभाऊंनी काठी घालून पाहिली. काठी हातातून ओढली गेली.

"न्हाई जमायचं, पोरी. ट्रॉली उलटंल."

"मग काय करू? हितंच बसून बघत राहू?"

"यशे," आबा कसेबसे म्हणाले, "घरी ने मला."

भागुबाई त्यांची पाठ चोळत होती. तिने नवऱ्याचे काळेनिळे ओठ पाहिले आणि पदर तोंडात कोंबला.

यशोधरा वळली. पुलाच्या खालच्या अंगाला ओढ्याला लागूनच एका पुणेकराच्या बंगल्याचा प्लॉट होता. जमीन महिपतीभाऊंनीच विकली होती आणि आता तेच तिथे राखण करत. मालकाने मुरमाचा भराव टाकून, वर भिंत बांधून ओढ्याचं निम्मं पात्र आत घेतलं होतं. पाणी तिथे अडत होतं आणि फुगून पुलावर चढत होतं.

"भाऊ, तो भराव बघा!" ती ओरडली. "आधी कवा चढलं होतं का इतकं पाणी? तुमच्या डोळ्यांदेखत वढा बुजवला त्यानं. तुमी एक शब्द बोलला न्हाई!"

भिजलेल्या टोपीतून महिपतीभाऊंच्या तोंडावर पाणी ओघळत होतं. मग ते चिखल तुडवत प्लॉटकडे धावले. तिथे जेसीबी उभा होता. चालक प्रदीप केबिनमध्ये बसून होता.

"मशीन चालू कर. भिंत फोड, भराव उकर."

"काका, शेठला इचारल्याबिगर?"

"रेंज न्हाई. मी सांगतोय. जे काय व्हईल ते माझ्या नावावर."

प्रदीपने ट्रॉलीकडे पाहिलं. तिथे एक म्हातारा तोंड उघडं टाकून श्वास शोधत होता. त्याने किल्ली फिरवली.

पहिल्या दणक्याला भिंत नुसती हलली. दुसऱ्याला विटा ढासळल्या. मुरूम उकरता उकरता कडा खचली आणि जेसीबीचं पुढचं चाक पाण्याकडे घसरलं. यशोधराच्या तोंडून किंकाळी फुटली. प्रदीपने बकेट जमिनीत रोवून मशीन कसंबसं मागे ओढलं आणि पुन्हा तिथेच घाव घातला. एकाएकी पाण्याला वाट सापडली. उरलेली भिंत घेऊनच ते प्लॉटमध्ये घुसलं.

पुलावरचं पाणी मात्र लगेच उतरेना. यशोधरा आबांचा हात धरून त्यांच्याशी बोलत राहिली, काय बोलतोय हेही तिला कळत नव्हतं. बऱ्याच वेळाने कठड्याचे दगड दिसू लागले. महिपतीभाऊ ट्रॅक्टरवर चढले. भागुबाईला काठावरच ठेवून त्यांनी गाडी पाण्यात घातली. मध्यावर ट्रॉली आडवी सरकली आणि यशोधराने आबांना घट्ट मिठी मारून डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा रुग्णवाहिकेचा चालक स्ट्रेचर घेऊन धावत येत होता.

तळेगावला पोचताच आबांना मशीनवर घेतलं. थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आले. "जीव वाचलाय. पण हृदयावर फार ताण पडलाय. असा उशीर पुन्हा झाला तर मी काही सांगू शकणार नाही."

रुग्णवाहिकेतून सोबत आलेले महिपतीभाऊ बाकावर बसले होते. त्यांचा फोन वाजला. ते ऐकत राहिले. "व्हय, मीच सांगितलं," एवढंच म्हणाले आणि फोन खिशात टाकला.

"काय म्हणाले शेठ?"

"राखणीला येऊ नको म्हनला. पोलिसात देतो म्हनला." त्यांनी ओले हात धोतराला पुसले. "रतन बोलतोय का गं?"

यशोधरा आत गेली. आबांनी डोळे उघडले. "तुजी आई?"

"घरी हाय. पाणी उतरलंय." ती त्यांचा हात धरून खाटेवर टेकली. "आबा, हॉटेलातली सृष्टी खोली बघतीये, लोणावळ्यात. आता तितंच राहायचं."

"घरी कवा जायचं मग?"

"पावसाळा सरल्यावर."

अजून मे महिनाही संपला नव्हता. आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग मान भिंतीकडे वळवली. त्यांचा हात मात्र तिने सोडला नाही.