अठ्ठ्याहत्तर किलोंची स्प्रिंग

डॉक्टर दातांचे होते. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांना शर्यतीची मोटरसायकल घ्यायची बुद्धी झाली. ती का झाली, हे त्यांना स्वतःलाही धड सांगता यायचं नाही. कोणी फारच खोदून विचारलं तर म्हणायचे, "या वयात माणसं एक तर गुडघे सांभाळतात, नाहीतर घालवतात. मी आपली निवड केली."

नादी लावलं ते त्यांच्याच इमारतीतल्या बालरोगतज्ज्ञाने. हा गृहस्थ काटकुळा, रोज सकाळी दहा किलोमीटर धावणारा, आणि महिन्यातून एका रविवारी शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी पळवणारा. एकदा डॉक्टर नुसते बघायला म्हणून त्याच्याबरोबर गेले आणि पुढच्याच महिन्यात चामड्याच्या सूटमध्ये स्वतःला कोंबून तिथे हजर झाले. सूटची चेन लावायला दोन माणसं लागली. डॉक्टर म्हणाले, कातडं नवं आहे, सैल होईल.

ट्रॅकवर एक लांबलचक उजवं वळण होतं. त्या वळणातून बाहेर पडताना डॉक्टरांची गाडी दरवेळी बाहेर-बाहेर जायची. बाकीचे आतली पांढरी रेघ धरून सुळकन निघून जायचे आणि डॉक्टर गवताच्या कडेने, जणू फिरायला आल्यासारखे. दोष आपला असेल हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. त्यांनी गाडीचे धक्के झेलणाऱ्या सस्पेन्शनवरची तीन पुस्तकं मागवली आणि रुग्णांच्या तोंडात भूल चढेपर्यंत शेजारी बसून ती वाचून काढली. वाचून झाल्यावर त्यांची खात्रीच पटली. आपण तर वीस वर्षं मिलिमीटरच्या दहाव्या भागात काम करणारा माणूस, हा आपल्या हातचा मळ आहे.

ट्रॅकच्या मागे पत्र्याची एक लांब शेड होती. तिथे शॉकमावशींचं वर्कशॉप. हे नाव त्यांना ट्रॅकवरच्या पोरांनी दिलेलं, आणि आता त्यांच्या दारावरही तेच लिहिलं होतं. मावशी पन्नाशीच्या, एकेकाळी अकरा वर्षं शर्यती खेळलेल्या. डावा कोपर तेव्हापासून पुरता सरळ होत नव्हता. गाडीचे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर खोलणं, तेल बदलणं, माणसाप्रमाणे स्प्रिंग बसवणं हा त्यांचा धंदा, आणि वर्षातून एकदा तीन शनिवार त्या सस्पेन्शनचा वर्ग घ्यायच्या. डॉक्टरांनी नाव घातलं. आपल्याला येतंच सगळं, पण एकदा पद्धत बघून घेऊ, असं बायकोला सांगून.

वर्गात आठ जण होते. पहिल्याच दिवशी मावशी वही घेऊन बसल्या.

"स्प्रिंग माणसाच्या वजनावर ठरते. तेव्हा एकेकाने वजन सांगा."

"अडुसष्ट," बालरोगतज्ज्ञ म्हणाला.

डॉक्टर त्याच्या शेजारीच बसले होते. त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, "अठ्ठ्याहत्तर."

मावशींनी वहीतून मान वर केली, डॉक्टरांकडे एकदा नीट पाहिलं. "कपडे धरून?"

"छे, नुसतं."

मावशींनी लिहून घेतलं. डॉक्टर अठ्ठ्याहत्तर किलो होते, हे काही अगदीच खोटं नव्हतं. पण ते त्यांची मुलगी पहिलीत होती तेव्हा. आता तिचं इंजिनिअरिंग संपत आलं होतं.

पुढे मावशींनी जे शिकवलं ते फार थोडकं होतं. गाडी नुसती उभी असताना किती खाली बसते ते मोजायचं, मग माणूस सूट-हेल्मेटसकट बसल्यावर किती बसते ते मोजायचं. या बसण्याला त्या सॅग म्हणायच्या. आकडे जुळले की मगच बाकीच्या स्क्रूंना हात लावायचा. "आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलली की लिहायची. गाडी काय सांगते ते ऐका, तुम्ही काय वाचलंय ते तिला सांगत बसू नका." हे शेवटचं वाक्य त्या सगळ्या वर्गाला म्हणाल्या, पण डॉक्टरांना वाटलं, बालरोगतज्ज्ञाला उद्देशून असावं.

नवी स्प्रिंग बसली. मोजमाप घरी करायचं ठरलं, इमारतीखालच्या पार्किंगमध्ये. बायकोने पुढून हँडल धरायचं आणि सासूबाईंनी मोजायचं. सासूबाईंनी चाळीस वर्षं शिलाईचं दुकान चालवलेलं. त्यांच्या हाताखाली अर्धा इंच इकडचा तिकडे झालेला कोणाला आठवत नव्हता. त्या खाली पाट टाकून, चष्मा पुसून, मागच्या चाकाशी बसल्या.

डॉक्टर पूर्ण वेषात गाडीवर चढले. वरच्या मजल्यावरची दोन कुटुंबं गॅलरीत आली.

"जावईबापू, पाय वर घ्या."

"घेतलेत, आई."

"डावा टेकलाय."

डावा खरंच टेकला होता. त्यांनी तो उचलला, गाडी आणखी खाली गेली.

"अठ्ठेचाळीस मिलिमीटर," सासूबाई म्हणाल्या. हवे होते तीस.

डॉक्टरांनी उतरून पान्याने स्प्रिंगवरची कडी आवळली. पुन्हा चढले. एकेचाळीस. पुन्हा उतरले. असं करत करत सहाव्या खेपेला, घामाने न्हाऊन निघाल्यावर, तीस आलं. मग नुसत्या गाडीचं मोजलं. ती निदान दहा मिलिमीटर बसायला हवी होती. बसली दोन.

"बघा," डॉक्टर म्हणाले, "स्प्रिंग कडक आहे. गाडीच्या वजनाने दबतच नाही. मावशींनी जास्तीची घातली."

"पण तुम्ही बसलात की दबते की," सासूबाई म्हणाल्या.

"ते वेगळं, आई. त्यात भौतिकशास्त्र आहे."

सासूबाईंनी टेप गुंडाळून ठेवली. जावयाशी भौतिकशास्त्रावरून वाद घालणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

रविवारी डॉक्टर ट्रॅकवर गेले. लांब वळणावर वेग वाढवायला गॅस उघडला की गाडी मागून बसायची, पुढून हलकी व्हायची आणि निघायची बाहेर. पूर्वीपेक्षाही जास्त. डॉक्टरांनी स्क्रू ड्रायव्हर काढला. आधी दबण्याचा वेग कमी करणारा स्क्रू चार क्लिक आवळला. मग उसळून वर येण्याचा स्क्रू तीन क्लिक सोडला. मग टायरमधली हवा कमी केली. मग पुढचे दोन्ही शॉक, कारण मागच्याला केलं आणि पुढच्यांना नाही तर बरं दिसणार नाही. पहिले दोन बदल वहीत लिहिले, नंतर वही कुठे ठेवली तेच सापडेना. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोणता स्क्रू कुठून कुठे गेला, हे देवालाच ठाऊक राहिलं.

दुपारच्या फेरीत त्याच वळणावर गाडी लटपटत, थरथरत सरळ गवतात घुसली. डॉक्टरांनी मोठ्या कौशल्याने तिला सावरलं, शंभर फुटांवर अगदी सरळ उभी केली, आणि मग उभ्या गाडीवरून पाय टेकवायला गेले तो खाली खळगा. माणूस आणि गाडी सावकाश, एकमेकांना न सोडता, आडवे झाले.

वळणावरचा झेंडेवाला धावत आला. "लागलं का?"

"नाही. सस्पेन्शन."

"सगळ्यांचं तेच असतं," झेंडेवाला म्हणाला आणि गाडी उचलू लागला.

डॉक्टर तडक शेडमध्ये गेले. तिथे मावशी, बालरोगतज्ज्ञ आणि वर्गातले तिघे चहा पीत बसले होते. एरवी डॉक्टरांनी त्यांच्यासमोर बोलणं टाळलं असतं, पण पडलेल्या माणसाचं तोंड आवरत नाही. आकडे सांगून, हातवारे करून त्यांनी सिद्ध केलं की स्प्रिंग कडक आहे.

मावशींनी ऐकून घेतलं. "तीस आणि दोन?"

"तीस आणि दोन."

"मग मऊ आहे."

"मऊ कशी असेल? गाडी दबतच नाही."

"मऊ स्प्रिंग तुम्हाला पेलत नाही, म्हणून तुम्ही ती आवळ आवळ आवळलीत. आवळून आवळून ती आधीच इतकी दाबून ठेवलीत की आता गाडीच्या वजनाने हलत नाही. तुम्ही गॅस दिला की मात्र बसते खाली, म्हणून बाहेर जाता." त्यांनी कप ठेवला. "पण अठ्ठ्याहत्तर किलोला ही स्प्रिंग मऊ पडायला नको. मापं कोणी घेतली?"

"सासूबाईंनी."

"त्यांची काही चूक झाली असेल."

डॉक्टरांनी इथे मान डोलावली असती तर प्रकरण मिटलं असतं. पण घरच्या माणसावर आळ यावा, तोही सासूबाईंच्या मापावर, हे त्यांना सहन झालं नाही. शिवाय त्या चुकल्या नव्हत्या हे सिद्ध झालं तर स्प्रिंगचीच चूक ठरणार होती. त्यांनी फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"आई, त्या दिवशीचं माप बरोबर होतं ना?"

"मी प्रत्येक माप दोनदा घेते," सासूबाई म्हणाल्या. "तीस म्हणजे तीस. का हो, काय झालं?"

मावशी पुढे वाकल्या. "नमस्कार. मी वर्कशॉपमधून बोलतेय. आकडे यांच्या वजनाशी जुळत नाहीयेत, म्हणून विचारलं."

"किती सांगितलंय वजन?"

"अठ्ठ्याहत्तर."

 मग सासूबाई, शिंप्याच्या निर्विकार आवाजात, म्हणाल्या, "त्यांची कंबर बेचाळीस आहे. गेल्या महिन्यात मीच पॅन्टच्या कंबरा उसवून वाढवल्या. सगळ्या."

बालरोगतज्ज्ञ चहात पाहू लागला. मावशी उठल्या, टेबलाखालून वजनाचा काटा काढला आणि पायाने डॉक्टरांसमोर सरकवला. डॉक्टर सूट आणि बूट उतरवून चढले. एक्क्याण्णव.

"प्रत्येक जण कमीच सांगतो," मावशी म्हणाल्या. "म्हणून मी चार किलो वाढवूनच धरते. आकडा ऐकून मला शंका आली होती, पण म्हटलं डॉक्टर आहेत, कसे चुकतील. तेरा किलो आजवर कोणी खाल्ले नव्हते."

डॉक्टरांना वाटलं, आता सगळे हसतील. कोणी हसलं नाही. वर्गातल्या एकाने खाली बघत सांगितलं की त्यानेही सहा कमी सांगितले होते. दुसऱ्याने पाच कबूल केले. बालरोगतज्ज्ञाने सांगितलं की तो तीन वाढवून सांगतो, कारण आईला तो फार बारीक वाटतो. मग मात्र सगळेच हसले, आणि सगळ्यात जोरात डॉक्टर.

पंधरा दिवसांनी दुसरी स्प्रिंग बसली. मावशींनी सगळे स्क्रू कारखान्यातल्या जागेवर परत नेले आणि त्यांना डॉक्टरांचा हात लागणार नाही असं वचन घेतलं. पार्किंगमध्ये सासूबाईंनी मापं घेतली. स्वार बसल्यावर तीस, नुसती गाडी अकरा. कडी जवळजवळ आवळावीच लागली नाही.

लांब वळणावर डॉक्टरांनी जरा घाबरतच गॅस उघडला. गाडी मागून बसली, पण थोडीच, आणि तिथेच थांबली. त्यांनी आतल्या पांढऱ्या रेघेकडे पाहिलं आणि गाडी तिच्याकडे गेली. इतकं साधं काही आपल्या हातून होऊ शकतं, याचा त्यांना हेल्मेटच्या आत अचंबा वाटला. त्यांनी दुसरी फेरी केली, खात्री करायला. मग तिसरी. वहीत एका ओळीत लिहिलं: "काही बदललं नाही. छान."

हंगामाच्या शेवटी क्लबची शर्यत होती, आठ फेऱ्यांची. चौथ्या फेरीत त्याच वळणातून बाहेर पडताना डॉक्टरांनी एकाला मागे टाकलं. आयुष्यातला पहिला. त्या आनंदात ते पुढच्या वळणाला ब्रेक लावायला अंमळ विसरले आणि तिथे दोघे पुढे निघून गेले, त्यांतला एक तोच. बालरोगतज्ज्ञ चौथा आला. मावशींनी डॉक्टरांचा मागचा टायर बोटाने चाचपला आणि म्हणाल्या, "बरोबर झिजलाय." डॉक्टरांना कोणी ढाल दिली असती तरी एवढं बरं वाटलं नसतं.

घरी बायकोने दार उघडलं.

"कितवे आलात?"

"अकरावा."

"किती जणांत?"

"चौदा." डॉक्टर बूट काढायला बसले, गुडघा वाकेना म्हणून तसेच पाय लांब करून राहिले. "एक जण पडला. आणि एकाची गाडी सुरूच झाली नाही."

बायकोने मनात हिशेब केला. खाली बसली आणि त्यांच्या डाव्या पायातला बूट ओढू लागली.