बावीस फोटोंखालची मी

मला ना हात, ना पाय, पण बोलायची हौस दांडगी. मी फोटोओळीची स्टाइल, म्हणजे अक्षरांच्या सजावटीचा संगणकात जपून ठेवलेला साचा. एका साप्ताहिकाच्या कचेरीत, पानं लावायच्या संगणकात माझा मुक्काम असतो. फोटोखालची माहिती ठळक करायची आणि तिच्याखाली फोटो काढणाऱ्याचं नाव बारीक, तिरक्या अक्षरांत बसवायचं, एवढंच माझं काम.

माझा जन्म वैतागातून झाला. पानं लावणाऱ्या ताई आधी एकेक ओळ हातानं सजवायच्या. एका दुपारी मनगट इतकं दुखलं की त्या म्हणाल्या, "बास झालं आता!" आणि तासभर बसून त्यांनी मला घडवलं. पहिली ओळ माहितीची, एंटर मारला की दुसरी नावाची. अक्षरांचा आकार, रंग, सगळं मी आपोआप बघते.

उपसंपादक काकांनी तेव्हा नाक मुरडलं होतं. महिन्याभरात तेच विचारायला लागले, "आपली ती स्टाइल लावली ना ताई?" मी मनातल्या मनात हसले.

एका गोष्टीचं मात्र मला वाईट वाटतं. माणसं फोटो बघतात, माहिती वाचतात आणि नावापर्यंत येण्याआधीच पान उलटतात.

मग आमच्याकडे फोटोग्राफर बाई आल्या. पंधरा वर्षं त्या दुसऱ्याच्या स्टुडिओत राबल्या होत्या. फोटो त्यांचे आणि खाली नाव स्टुडिओचं. इथं येताना त्यांनी एकच अट घातली, "माझ्या फोटोखाली माझं नाव पाहिजे." नव्या पुलाच्या विशेषांकासाठी त्या वर्षभर चिखल तुडवत हिंडल्या. बावीस फोटो निवडले गेले.

मुखपृष्ठाचा फोटो गडद होता. त्यावर नाव उठून दिसावं म्हणून ताईंनी अक्षरं पांढरी केली. घाईत रंग बदलला तो तेवढ्या एका नावाचा नाही, माझ्यातल्या नावाच्या ओळीचाच! मी पडले हुकमाची ताबेदार. आतल्या एकवीस फोटोंखालची नावंही मी पांढरी केली, पांढऱ्या कागदावर. काकांनी डोळ्यांत तेल घालून माहिती तपासली, पण नाव शोधायचं कोणाला सुचलं नाही.

छपाईला पानं जायच्या दिवशी सकाळी बाई वडिलांना घेऊन आल्या. वडील शिंपी, आता थकलेले. तपासणीसाठी छापून काढलेली पानं चाळता चाळता बाईंचा चेहरा उतरला.

"मुखपृष्ठावर तेवढं दिलंत, आत कुठंच नाही," त्या म्हणाल्या. "द्यायचं नव्हतं तर आधी सांगायचं होतंत. मी इथं पुन्हा काम करणार नाही."

"अहो, मी स्वतः टाइप केलंय!" ताई गडबडल्या.

"मग दाखवा ना!"

मी तिथंच होते, प्रत्येक फोटोखाली, त्यांचं नाव धरून. ओरडावंसं वाटत होतं, पण मला आवाज कुठला?

वडिलांनी मात्र पान डोळ्यांजवळ धरलं. फोटोखालच्या कोऱ्या पट्टीवर बोट फिरवत ते म्हणाले, "अगं थांब. इथं एवढी जागा का सोडलीय? सगळीकडे सारखीच आहे. माप घेतल्याशिवाय अशी जागा सुटत नाही."

ताईंनी पडद्यावर त्या कोऱ्या जागेवरून माउस ओढला. रंगीत पट्टी उमटली आणि तिच्यात पांढरं नाव दिसलं. ताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, ही माझी चूक!"

आधी त्यांनी माझी एक प्रत काढून ती मुखपृष्ठासाठी पांढरी ठेवली. ती माझी धाकटी बहीण. मग माझ्यातली नावाची ओळ पुन्हा काळी केली. एकाच क्षणात एकवीस नावं उजेडात आली. माझा जीव भांड्यात पडला.

पानं पुन्हा छापून हातात आली. बाई खुर्ची ओढून बसल्या. ताईंनी त्यांना पुढच्या अंकाचे फोटो कधी देणार ते विचारलं. "सोमवारी," त्या म्हणाल्या.

आज मी खुशाल आहे, आणि बहीणही. वाचकहो, फोटो आवडला तर पान उलटण्याआधी नजर जराशी खाली आणा. त्या दिवशी वडिलांनी तेच केलं. बोट ठेवून त्यांनी बावीसच्या बावीस नावं मोठ्यानं वाचली. नाव एकच होतं, तरी एकही गाळलं नाही.