लांब भोंगा

धर्मेंद्रने भोंग्याच्या बटणावर बोट ठेवलं आणि पुन्हा उचललं.

"मॅडम, लांब भोंगा नका द्यायला लावू. आमच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत तो प्लान्टात माणूस मेला तरच वाजते."

हवाई हल्ल्याची रंगीत तालीम घ्यायला नागपूरहून आलेल्या गार्गी मॅडम वाईट नव्हत्या. उंटावरून शेळ्या हाकणारे वरचे साहेब वेगळेच होते.

"खालीवर होणारा भोंगा म्हणजे धोका, एकसुरी लांब भोंगा म्हणजे धोका टळला. सगळीकडे हेच ठरलंय. मी कसं बदलणार? तुम्ही लोकांना समजावलंत ना?"

समजावलं होतं. सरकारने स्वयंसेवक नेमून हातात शिट्टी दिली, तेव्हापासून तो दारोदार हेच सांगत होता. बायका माना डोलवायच्या.

पहिला भोंगा झाला तेव्हा सगळ्या जणी हसतखिदळत समाजभवनाच्या तळघरात उतरल्या. त्याची आई अंजनाबाई तर सुपारी कातरत बसली. मग त्याने लांब भोंगा दिला.

तळघरातला गलका एकदम थांबला. बायका जिना चढल्या आणि भर उन्हात, अनवाणी, वीजकेंद्राच्या फाटकाकडे धावत सुटल्या. धर्मेंद्र शिट्टी फुंकत मागे. इतकं सांगून पालथ्या घड्यावर पाणी! त्याला राग येत होता आणि रडूही.

अंजनाबाई फाटकाचे गज धरून उभी होती. नवरा आत भाजून गेला, तेव्हाही ती इथंच उभी राहिली होती. आज धाकटा सौरव आत पाळीवर होता.

"काहून धावली वं माय? धोका टळल्याचा भोंगा हाये, सांगतलं होतं ना तुले?"

"मालूम होतं मले."

"मंग?"

"खरंच बाम्ब पडन, तं पयले कुठं पडन गा?" तिने वीजकेंद्राच्या उंच चिमण्यांकडे मानेनं खूण केली. "आमाले तळघरात बसवलं. आतल्याइले कोन बसवन?"

धर्मेंद्रने गार्गी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी नागपूरला फोन लावला, बराच वेळ नुसतं ऐकून घेतलं आणि ठेवला.

"आतल्या लोकांना कुठे न्यायचं, याचा वरून अजून काही आदेश आलेला नाही," त्या हळूच म्हणाल्या.

पाळी सुटायला अवकाश होता. बायका हलल्या नाहीत. भोंगा आपणच वाजवला हे धर्मेंद्रला पक्कं ठाऊक होतं, तरी सौरव दिसेपर्यंत त्याचा पाय तिथून निघेना.