मुलाण्यांची वही

सुभान मुलाणी चुलीपुढे उकिडवे बसले आणि हातानेच राख उकरू लागले.

"अब्बा, चटका बसंल!" सून गुलशन धावली. "काय शोधताय?"

त्यांच्या हातात पुठ्ठ्याचा काळा तुकडा आला. त्याला लाल दोरा चिकटलेला होता.

"वही... तू जाळलीस?"

"वाळवी लागली व्हती. सगळ्या फळीला लागंल म्हनून..." गुलशनला वाचता येत नव्हते. सासऱ्यांचा चेहरा पाहून तीही त्यांच्याशेजारी राख चाळू लागली.

ती वही सुभानच्या वडलांनी सुरू केली होती, मोडी लिपीत. मांडवगण फराट्याच्या आसपास जिथे जिथे मुसलमानांची दोन-चार घरे, तिथला प्रत्येक जन्म, निकाह, मयत तिच्यात होती. कोणाला कुठे पुरले, हे दुसरीकडे कुठेच लिहिलेले नव्हते.

सुभान दोन दिवस जेवले नाहीत. गुलशनवर मात्र एकदाही रागावले नाहीत. तिसऱ्या दिवशी दौंडहून मुलगा महबूब आला. तो रेल्वेत सांधेवाला होता, गाडीसाठी रुळांचे सांधे बदलणारा. त्याने सगळे ऐकून घेतले आणि दुकानातून कोरी वही आणली.

"चला अब्बा. तुमी सांगा, मी लिवतो."

नदीकाठच्या कबरस्तानात सुभान काठीने एकेक दगड दाखवू लागले.

"ही खुर्शिद. सिद्दीकची आई. माहेर केंदूरचं. ह्यो पटकीच्या साली गेला, त्याच्या शेजारी त्याची बायकू, चारच दिसांनी."

ते थांबत नव्हते. उन्हे डोक्यावर येईपर्यंत महबूबने एक्केचाळीस नावे लिहिली. मग बाभळीखाली तळहाताएवढा एक दगड लागला, आणि सुभान काठी न उचलता पुढे निघाले.

"अब्बा, ह्ये कुनाचं?"

"तुझ्या भनीचं."

महबूब परत त्या दगडापाशी गेला. आपल्याला बहीण होती, हे तो पस्तिसाव्या वर्षी ऐकत होता.

"मला कवा सांगितलं न्हाई ते!"

"तुझी आई जिती व्हती तवा तिनं शपथ घातली व्हती, घरात इषय काढायचा न्हाई म्हनून. सकाळी जल्मली, दिस मावळायच्या आत गेली. नाव ठेवायचं ऱ्हाऊन गेलं. मग मी नुसती तारीख लिवली. दर साली त्या दिशी वही उघडून बघायचो."

"कंची तारीख, अब्बा?"

सुभानचे ओठ हलले. बोटांची पेरे मोजून झाली. एकदा, दोनदा.

"ती... वहीतच व्हती रं."

महबूबने 'सुभान मुलाणी यांची मुलगी' एवढे लिहिले. पुढची जागा मोकळी सोडली आणि शाई वाळेपर्यंत वही उघडीच धरून उभा राहिला.